न दुखणारा गुडघा

हाडांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तो दुखतं म्हणून. त्यामुळे गुडघा भलताच सुजलाय, हलवला की आत करकर वाजतंय, नको तितका बाजूला झुकतोय, आणि तरीही पेशंट स्वतःच्या पायांनी चालत येऊन बसला, की मी गुडघा सोडून आधी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारतो. उजेडानं बाहुली आकसली नाही, पण बोट नाकाजवळ आणल्यावर आकसली, तर मी काकूंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो. मग विचारतो, ‘‘काका, तरुणपणी कधी गरमी झाली होती का?’’

असे पेशंट आता क्वचितच भेटतात. पण गरमीचा, म्हणजे उपदंशाचा, गुडघ्याशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण इथे सांधा मोडतो तो जंतूनं कुरतडल्यामुळे नव्हे. जंतूंचा घाव बसतो पाठीच्या कण्यात. लागण होऊन साधारण पंधरा ते तीस वर्षं उलटल्यावर, उपचार न झालेल्या काही जणांत, मज्जारज्जूचा मागचा भाग आणि तिथे येणाऱ्या संवेदी मज्जातंतूंची मुळं झिजत जातात. पाय कुठे पडला, गुडघा किती वाकला, ही खबर त्याच वाटेनं मेंदूकडे जाते. स्नायूंची ताकद मात्र शाबूत असते, आणि घात होतो तो नेमका इथेच. पायात जोर आहे, पण पायाची खबर नाही.

मग माणूस जमिनीकडे बघत, पाय आपटत चालतो. कापसावर चालल्यासारखं वाटतं, असं सांगतो. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनवर झोकांडी जाते; बर्लिनच्या रोम्बर्ग यांच्या नावानं ओळखली जाणारी तपासणी हीच. आणि गंमत बघा, ज्या पायातला सांधा मोडला तरी कळत नाही, त्याच पायातून विजेसारख्या कळा मात्र येतात.

तुमचा-माझा गुडघा मुरगळला तर आपण आठवडाभर लंगडतो. त्या लंगडण्यातच सांध्याला विश्रांती मिळते. हा माणूस लंगडत नाही. ताणलेल्या लिगामेंटवर, चिरलेल्या हाडावर तो पूर्ण वजन टाकून बाजारहाट करतो. कूर्चा झिजते, हाडाचे तुकडे सुटतात, भलतीकडे नवं हाड वाढतं, आणि एक्स-रेमध्ये गुडघा मुरमाच्या पिशवीसारखा दिसू लागतो.

याचं पहिलं नेमकं वर्णन 1868 साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को यांनी केलं. तिथे रुग्ण वर्षानुवर्षं राहत. जिवंतपणी तपासलेला सांधा मृत्यूनंतर उघडून पाहता येई. शार्को म्हणत, मज्जारज्जू बिघडल्यानं सांध्याचं पोषणच थांबतं. जर्मन डॉक्टर म्हणत, छे, हा नुसत्या धक्क्यांचा परिणाम. 1917 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एलोसर यांनी मांजरांच्या पायांची संवेदी मुळं कापून पाहिली. हाडांची ताकद कमी झाली नव्हती, पण सांध्याला इजा केली की तो उद्ध्वस्त होत असे. आज आम्ही धक्क्यांना मोठा दोष देतो. पण दाह आणि वाढलेला रक्तप्रवाह हाड विरघळवतात, हेही मानतो.

मला जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आल्फ्रेड फुर्निए हे शार्को यांच्याच शहरातले डॉक्टर. मज्जारज्जूच्या या विकारामागे उपदंश आहे, असं ते 1870च्या दशकापासून सांगत होते. इतक्या बारीक नजरेच्या शार्को यांना ते काही पटलं नाही. त्यांचा भर आनुवंशिकतेवर. कादंबरीकार आल्फोंस दोदे यांना हाच विकार होता. मणका ताणला जावा म्हणून त्यांना टांगून घ्यावं लागे. फायदा शून्य. 1897 मध्ये ते वारले.

पेनिसिलिन आलं आणि चित्र पालटलं. मज्जासंस्थेत पोचलेल्या उपदंशाला आजही तेच, शिरेतून, दहा ते चौदा दिवस देतात. जंतू मरतात, झिजलेली मुळं मात्र परत उगवत नाहीत, त्यामुळे मोडलेल्या गुडघ्याला ब्रेस आणि काठी लागतेच.

शार्कोंच्या नावाचा सांधा मी आजही पाहतो, पण बहुतेक वेळा पावलात, आणि मधुमेह्यांच्या. कुष्ठरोगातही तो होतो. पाऊल लाल, गरम, सुजलेलं असतं. सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, म्हणून पू झाला समजून अँटिबायोटिकं दिली जातात. मी दोन्ही पावलांवर हात ठेवून उष्णता ताडून पाहतो. संशय आला की प्लास्टर घालतो, आणि दोन्ही पावलं सारखी गार लागेपर्यंत, म्हणजे बहुधा काही महिने, ते बदलत राहतो.