वेग कमी करायचा तर आधी आत डोकवावं लागतं

या आठवड्यात व्हीपीएनबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या लेखांकावर ढकलतो, कारण माणदेशातल्या दहिवडीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि त्याला उत्तर न देता पुढे गेलो तर व्हीपीएनचा पायाच कच्चा राहील. प्रश्न असा: घरी फायबरचं कनेक्शन आहे, यूट्यूब कुठे अडखळत नाही, पण लिनक्सची मोठी फाइल टॉरेंटवरून उतरवायला घेतली की नेट रांगायला लागतं. कंपनी मुद्दाम दाबते का? आणि दाबत असेल, तर मी काय उतरवतोय हे तिला कळतं कसं? वाचकाने हे दोन प्रश्न म्हणून विचारले आहेत. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, आणि तो दोन ठिकाणी तोडल्यामुळेच आपल्याकडची बरीच चर्चा भरकटते. नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या ट्रॅफिकला समान वागणूक देण्याचा, विषय निघाला की आपण पैशांबद्दल बोलतो, मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीबद्दल बोलतो. खाजगीपणाचा विषय निघाला की पासवर्ड, आधार आणि व्हॉट्सॲपबद्दल बोलतो. पण एका प्रकारच्या ट्रॅफिकला बाजूला काढून त्याचा वेग कमी करायचा, तर तो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखावं लागतं, आणि ओळखायचं तर आत डोकवावं लागतं. वेगातल्या भेदभावावरची बंदी डोकावण्याचं कारणच काढून घेते. म्हणून ती खाजगीपणाचीही तरतूद आहे, आणि तिच्याकडे तसंच पाहायला हवं.

आत डोकावणं म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहू. इंटरनेटवरून जाणारा मजकूर पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो, आणि प्रत्येक पॅकेटवर पत्ता असलेलं हेडर असतं, ते आपण मागच्या वेळी उलगडलं होतं. हेडरमधला पत्ता कंपनीला वाचावाच लागतो, नाहीतर पॅकेट पोचणार नाही. त्याबद्दल तक्रार नाही. टॉरेंट ओळखायचं तर हेडर ओलांडून मजकुरात शिरावं लागतं. टॉरेंटमध्ये एका फाइलचे तुकडे अनेक संगणक एकमेकांना देतात. ब्रॅम कोहेनने 2001 मध्ये त्याचा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलायचे नियम, आणला, तेव्हा दोन संगणकांची पहिली ओळख कशी व्हावी याचा साचा ठरवून दिला. पहिला बाइट 19 हा आकडा, त्यापाठोपाठ इंग्रजीत ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही मधली मोकळी जागा धरून 19 अक्षरं, मग आठ राखीव बाइट, आणि मग 20 बाइटांचा इन्फो-हॅश. हा इन्फो-हॅश म्हणजे त्या ठरावीक फाइलचा अंगठ्याचा ठसा. हिशोब मांडा. पहिले वीस बाइट वाचले की ‘हे टॉरेंट आहे’ एवढं कळतं. आणखी अठ्ठावीस वाचले की हा माणूस नेमकी कोणती फाइल घेतोय तेही कळतं. वेग कमी करण्यासाठी पहिले वीस पुरेसे आहेत, हे खरं. पण ते वाचणारं यंत्र एकदा वाटेत बसवलं, की त्याला विसाव्या बाइटवर थांबवणारं कोणी तिथे नसतं. यालाच डीप पॅकेट इन्स्पेक्शन म्हणतात. 2005-06 च्या सुमारास टॉरेंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांनी ही ओळख एन्क्रिप्ट करून झाकायला सुरुवात केली. त्यावर यंत्रं बनवणाऱ्यांनी पॅकेटांचे आकार, एकाच वेळी उघडलेल्या जोडण्यांची संख्या, येण्याजाण्याचा ताल यावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. म्हणजे दार लावलं, तर कान भिंतीला लागले.

हे कल्पनेतलं नाही, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. ऑरेगन राज्यातल्या रॉब टोपोल्स्की नावाच्या तंत्रज्ञाला चौघांनी मिळून गायच्या ‘बार्बरशॉप’ गाण्यांचा नाद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, हक्कांची मुदत संपलेली ध्वनिमुद्रणं तो इतरांना देऊ पाहत होता, आणि ती जातच नव्हती. 2007 मध्ये त्याने पॅकेटं पकडून पाहिली तेव्हा दिसलं की दोन संगणकांचं बोलणं चालू असताना मध्येच ‘जोडणी तोडा’ असा संदेश येतो आहे, आणि तो दोघांपैकी कोणीच पाठवलेला नाही. कॉमकास्ट या त्याच्या पुरवठादार कंपनीची यंत्रणा दोन्ही टोकांच्या नावाने हे खोटे रिसेट संदेश घुसवत होती. असोसिएटेड प्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पडताळणीसाठी बायबलची किंग जेम्स प्रत टॉरेंटने पाठवून पाहिली. तीही अडली. ऑगस्ट 2008 मध्ये तिथल्या एफसीसी या नियामकाने कंपनीच्या विरोधात निर्णय दिला. तो 2010 मध्ये अपील न्यायालयात रद्द झाला, पण कशावर? नियामकाला तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही, या मुद्द्यावर. कंपनी काय करत होती यावर तिथे वादच उरला नव्हता.

आता दहिवडीकडे. आमच्या वाचकाच्या घरी असंच घडतंय का? घाईने ‘हो’ म्हणणार नाही. टॉरेंट एकाच वेळी डझनावारी जोडण्या उघडतं आणि उतरवता उतरवता अपलोडही करत राहतं. अपलोडची वाट भरली की ‘मिळालं, पुढचं पाठवा’ या पोचपावत्या त्याच रांगेत अडकतात आणि उतरवणंही मंदावतं. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे बसवतात. त्यामुळे बाहेरच्या संगणकांना तुमच्यापर्यंत स्वतःहून येता येत नाही, आणि देवाणघेवाण करणारे भिडू कमी मिळतात. तेव्हा आधी टॉरेंटच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घालून पाहा. तरीही संशय उरला, तर बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेल्या ‘वेही’ या ॲपची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. फ्रान्सच्या दूरसंचार नियामकानेही ते ॲप स्वीकारलं आहे. ते एखाद्या सेवेचं मुद्रित केलेलं ट्रॅफिक तुमच्या जोडणीवरून एकदा जसंच्या तसं पाठवतं, आणि मग तेच, तेवढंच, आतला मजकूर ओळखू येणार नाही असा विस्कटून पाठवतं. दुसऱ्या वेळी वेग सातत्याने जास्त मिळाला, तर अर्थ एकच निघतो: पहिल्या वेळी कोणीतरी मजकूर वाचत होतं. वेगाची चाचणी आणि टेहळणीची चाचणी इथे एकच होते. माझ्या म्हणण्याला याहून नेमका पुरावा मला सापडलेला नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो माणदेशात जास्तच रास्त आहे. वाड्यावस्त्या लांब लांब, तीन-चार गावांत मिळून एखादा टॉवर, संध्याकाळी सगळे एकदम मोबाइल काढतात. चार जणांनी टॉरेंट लावलं आणि पोरांचा ऑनलाइन तास अडला, तर कंपनीने हात बांधून बसायचं का? नाही बसायचं. गर्दी आवरायलाच हवी. पण गर्दी आवरण्यासाठी मजकूर वाचायची गरज नाही. म्हसवडहून निघालेल्या एसटीत कंडक्टर लगेजचं तिकीट वजन पाहून फाडतो. पोत्यात बाजरी आहे की मटकी हे बघायला तो पोतं सोडत नाही. नेटवर्कलाही हेच लागू पडतं, आणि हे कॉमकास्टनेच सिद्ध करून दाखवलं. 2008 संपता संपता त्यांनी खोटे संदेश बंद केले आणि नवी पद्धत आणली. एखाद्या भागात खरोखर कोंडी होऊ लागली, की गेल्या काही मिनिटांत ज्याने सर्वांत जास्त वापर केला त्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता खाली. तो व्हिडिओ पाहतोय की टॉरेंट चालवतोय, हे विचारायचंच नाही. डिसेंबर 2010 मध्ये ही पद्धत आरएफसी 6057 या क्रमांकाने तपशीलवार प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या डेटा पॅकमध्ये मर्यादा संपली की वेग उतरतो, त्याला लोक वैतागतात. मीही त्याचं कौतुक करणार नाही, पण तत्त्वतः ती वजनावरची आकारणी आहे आणि ती करताना कोणाचं काही वाचावं लागत नाही.

भारतात नेट न्यूट्रॅलिटीचा लढा झाला त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं नाव पुढे केलं गेलं होतं, हे आता फारसं कोणाच्या लक्षात नाही. 28 डिसेंबर 2015 च्या टाइम्स ऑफ इंडियात फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी ठरावीक सेवा फुकट देणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’ या आपल्या योजनेची बाजू मांडणारा लेख लिहिला. त्यात दाखला होता महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा: तो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो, आणि आता नवी पिकं आणि जनावरं यांत पैसे घालतो आहे. रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत महाराष्ट्र पहिल्यापासून होता. विरोध करणाऱ्यांनी मुख्यतः विचारलं, की गणेशला अख्खं इंटरनेट का नको, निवडक चार दारंच का? प्रश्न बरोबर होता. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती या योजनेची रचना. ठरावीक सेवा फुकट द्यायच्या, तर कोणतं पॅकेट फुकटातलं आणि कोणतं पैशांचं हे ओळखायला हवं, म्हणून सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरमधून वळवलेली होती. मे 2015 मध्ये संकेतस्थळांसाठी जी नियमावली आली तिच्यात तर एचटीटीपीएसला, म्हणजे संकेतस्थळाशी होणारं बोलणं एन्क्रिप्ट करण्यालाच, मज्जाव होता. पुढे सप्टेंबरमध्ये एन्क्रिप्शन आलं, तरी ब्राउझरवरून वापरणाऱ्याचा मजकूर वाटेत फेसबुकच्या सर्व्हरवर उलगडून पुन्हा गुंडाळला जाई. आटपाडीचा डाळिंबवाला कोणत्या बाजाराचा भाव रोज पाहतो, कोणत्या रोगाची माहिती शोधतो, हे पाहता येण्याची सोय या फुकटपणाच्या पोटातच होती. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्राय या दूरसंचार नियामकाने दरांतल्या भेदभावाला बंदी घातली. जुलै 2018 मध्ये दूरसंचार आयोगाने नेट न्यूट्रॅलिटीला मान्यता दिली, आणि त्यानंतर परवान्याच्या अटींतच आलं की मजकुरावरून, प्रोटोकॉलवरून किंवा वापरल्या जाणाऱ्या उपकरणावरून अडवणं, मंदावणं, झुकतं माप देणं चालणार नाही. कोंडी आवरायला सवलत आहे, पण ती तात्पुरती, प्रमाणात आणि उघडपणे जाहीर केलेली हवी. प्रोटोकॉल हा शब्द त्यात आहे, हे आमच्या वाचकाने लिहून ठेवावं. निव्वळ टॉरेंट आहे म्हणून दाबलं जात असेल, तर ते परवान्याचं उल्लंघन आहे.

दुसरा आक्षेप: टॉरेंट म्हणजे चोरीचे सिनेमे, त्यांची कसली बाजू घ्यायची? इथे 2016 ची मुंबई उच्च न्यायालयातली घटना पाहण्यासारखी आहे. ‘ढिशुम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी दुवे बंद करण्याची मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट आदेश द्यायला आधी नकार दिला, एकेक दुवा तपासून आणायला सांगितला, आणि मगच 134 दुव्यांवर बंदी घातली. त्या काळात बंद केलेल्या पानांवर जो इशारा झळकू लागला त्यात नुसतं पाहिलं तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड असा सूर होता. घरोघर घबराट पसरली. पटेल यांनी त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं, की गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. तो परवानगीवाचून वितरण करण्यात, जाहीर प्रदर्शन करण्यात, विकण्या-भाड्याने देण्यात आहे. म्हणजे चोरीला न्यायालयाचा मार्ग आहे, आणि तिथे पुरावा मागणारा न्यायाधीश आहे. पुरवठादाराच्या यंत्राला चोर आणि टोपोल्स्की यांतला फरक कळत नाही.

यातूनच एक जास्त टोकदार आक्षेप निघतो, आणि तो मला सोपा वाटत नाही. आता बहुतेक ठिकाणी एचटीटीपीएस असल्यामुळे कंपनीला संकेतस्थळाचं नाव दिसतं, आतला दुवा दिसत नाही. मग एक वाईट दुवा बंद करायचा तर अख्खं संकेतस्थळ बंद होतं. डोकावू दिलं असतं, तर निदान बाकीचे वाचले असते! मे 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, दूरसंचार विभागाने मोठ्या फायली पाठवायच्या वीट्रान्सफर या सेवेवर बंदी आणली. आदेशात दोन ठरावीक दुवे होते आणि तिसरी नोंद अख्ख्या संकेतस्थळाची. विटा-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं देशभर पांगलेली आहेत. लग्नाचा व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन अशा जड फायली पाठवायला असल्याच सेवा लागतात. ती वाट सगळ्यांनाच बंद झाली. नुकसान खरं आहे. पण त्यावर इलाज म्हणून प्रत्येकाची फाइल वाटेत उघडायची मुभा देणं म्हणजे एका दुव्यासाठी कोट्यवधींची झडती. फाइल जिथे ठेवली आहे तिथे, ठेवणाऱ्या कंपनीला आदेश देऊन ती काढवणं हा मार्ग संथ असतो, पण त्यात बाकी कोणाला हात लागत नाही.

एवढं सगळं मान्य केलं तरी न्यूट्रॅलिटीचं संरक्षण कुठे संपतं हेही सांगायला हवं. मजकूर वाचला नाही, तरी कोण कोणाशी केव्हा जोडलं गेलं याच्या नोंदी पुरवठादाराला ठेवाव्या लागतात, आणि डिसेंबर 2021 पासून ती मुदत एक वर्षावरून दोन वर्षं झाली आहे. टॉरेंटमध्ये तर एन्क्रिप्शन फक्त वाटेवरच्या डोळ्यांपासून झाकतं. त्याच फाइलच्या देवाणघेवाणीत सामील झालेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता दिसतोच, कारण त्याशिवाय तुकडे पोचणार कसे? तो पत्ता लपवायचा तर मध्ये दुसरा कोणी, म्हणजे व्हीपीएन, उभा करावा लागतो, आणि त्या दुसऱ्यावर विश्वास का ठेवायचा हा प्रश्न लगेच येतो. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं आणि काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. तिथून पुढच्या आठवड्यात सुरुवात करू.