दोन तारखांमधले अंतर

दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडून देशभरातल्या साथउद्रेकांचा एक साप्ताहिक तक्ता निघतो. राज्य, जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू अशा रकान्यांचा हा तक्ता दिसायला अगदी रुक्ष. कुठे लग्नाच्या जेवणातून विषबाधा, कुठे विहिरीच्या पाण्यातून कावीळ, कुठे गोवर, कुठे डेंग्यू. त्यात दोन रकाने असे आहेत की तक्ता कधीही उघडला तरी माझी नजर आधी तिथे जाते. एकात उद्रेक सुरू झाल्याची तारीख असते, दुसऱ्यात तो कळवल्याची. कधी या दोन तारखांत दोन दिवसांचा फरक असतो, कधी काही आठवड्यांचा.

फुटलेल्या नळातून गटाराचे पाणी आत शिरले, तर दोन दिवसांत एका आळीतली माणसे जुलाबाने आडवी होतात. तेव्हाच कळले तर नळ बंद करून, टँकर लावून, क्षारसंजीवनीची पाकिटे वाटून साथ त्या आळीतच संपते. तीन आठवड्यांनी कळले तर नोंदवायला फक्त आकडे उरतात. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम नावाची सरकारी यंत्रणा या दोन तारखा जवळ आणण्यासाठी उभी केलेली आहे. गावच्या उपकेंद्रापासून दिल्लीपर्यंत पसरलेल्या या यंत्रणेचे नावही बहुतेकांना ठाऊक नसते.

तिच्या जन्माची कथा मराठवाड्यातून सुरू होते. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले आणि मग काखेत, जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. 1966 नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. त्यामुळे प्लेगवर नजर ठेवणारी व्यवस्था सुस्तावली होती आणि डॉक्टरांच्या एका पिढीने हा आजार फक्त पुस्तकात पाहिला होता. मामल्याची बातमी अजून पुरती पसरली नव्हती, तोच सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. पुढे जे झाले ते अनेकांना आठवत असेल: लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले, टेट्रासायक्लिन हे प्लेगवरचे औषध दुकानांतून गायब झाले, कित्येक देशांनी भारताची विमाने थांबवली. मृतांची संख्या साठीच्या आत राहिली, पण भीतीने देशाचे जे नुकसान केले ते त्याहून फार मोठे होते.

उंदीर पडणे ही प्लेगची सर्वांत जुनी पूर्वसूचना. तिच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मुंबईने 1896 मध्ये मोजली होती. गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग ओळखला आणि ठणकावून सांगितले. ते सरकारी नोकर नव्हते. खासगी व्यवसाय करणारे डॉक्टर आणि नगरसेवक होते. हा तपशील मुद्दाम सांगतो आहे, कारण आजच्या यंत्रणेचे सर्वांत दुबळे अंग तिथेच आहे.

सुरतेनंतर 1997 मध्ये साथरोगांवर नजर ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. नोव्हेंबर 2004 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने त्याची जागा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने घेतली. पहिल्या टप्प्यातल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. जिल्ह्यात सर्वेक्षण अधिकारी, राज्यात एक कक्ष आणि दिल्लीत मध्यवर्ती कक्ष अशी रचना झाली.

हा सगळा डोलारा तीन नमुन्यांवर उभा आहे: एस, पी आणि एल. आरोग्य खात्यातली माणसे त्यांना याच अक्षरांनी ओळखतात. एस फॉर्म उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेचा. तिने निदान करायचे नाही, फक्त दिसलेली लक्षणे मोजायची. सात दिवसांच्या आतला ताप. त्यातही नुसता ताप किती, अंगावर पुरळ असलेला किती, रक्तस्राव किंवा शुद्ध हरपणे असलेला किती. खोकला तीन आठवड्यांच्या आतला की पुढचा. जुलाब पाण्यासारखे की रक्ताचे, अंगातले पाणी किती कमी झाले आहे. कावीळ. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायात अचानक आलेला लुळेपणा. आणि शेवटी एक ओळ: कुठल्याच चौकटीत न बसणारी, पण माणसाला रुग्णालयात किंवा मृत्यूपर्यंत नेणारी लक्षणे. पी फॉर्म डॉक्टरचा. त्यात तपासणीवरून काढलेला अंदाज. एल फॉर्म प्रयोगशाळेचा, तिथे खात्री.

या तिन्हींत मला एस फॉर्म सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोगशाळेची खात्री यायला दिवस जातात. गृहभेटीला गेलेल्या सेविकेला एका वाडीत चार घरे तापाने फणफणलेली दिसली, तर आजाराचे नाव कळण्याआधी तिने चार हा आकडा पुढे पाठवलेला असतो. पाच वर्षांपुढचा माणूस जुलाबाने दगावला किंवा त्याच्या अंगातले पाणी धोकादायक इतके कमी झाले, तर तो एकच रुग्ण चौकशी सुरू करायला पुरेसा मानला जातो, कारण मोठ्या माणसाला साधे जुलाब सहसा या थराला नेत नाहीत. मग पथक गावात पोचते. जलसुरक्षकाने टाकी-विहिरीत टीसीएल पावडर टाकली आहे का, हे पाहायला नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पाणी तसेच पांढरे राहिले, तर साथीचे उगमस्थान बहुधा सापडलेच.

बेलसरची गोष्ट या साखळीची ताकद दाखवते. पुरंदर तालुक्यातल्या या गावात जुलै 2021 मध्ये तापाचे रुग्ण वाढले. राज्य तेव्हा करोनाच्या दुसऱ्या लाटेतून नुकते सावरत होते. तरीही काही नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे गेले आणि त्यांत चिकुनगुन्या निघाला. तिथेच फाईल बंद झाली असती तर कुणी दोष दिला नसता. पण संस्थेचे पथक स्वतः गावात गेले आणि आणखी 41 नमुने घेतले. 25 जणांना चिकुनगुन्या होता, तिघांना डेंग्यू, आणि एका महिलेला झिका. महाराष्ट्रातला झिकाचा हा पहिला रुग्ण. गर्भवतीला झिका झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून हा एक रुग्ण सापडणे फार मोठे होते. तो सापडला, कारण गावातला ‘नेहमीचा पावसाळी ताप’ कुणीतरी मोजून कळवला होता.

याच्या उलटे उदाहरण सिलिगुडीचे. 2001 मध्ये तिथल्या रुग्णालयांत मेंदूज्वरासारख्या आजाराने 45 माणसे गेली. तो निपाह विषाणू होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून 2006 मध्ये जगापुढे आले. पाच वर्षांचे अंतर! 2018 च्या मे महिन्यात कोळीकोडमधल्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकाच घरातल्या दुसऱ्या रुग्णापाशीच शंका आली. मणिपालच्या प्रयोगशाळेने आणि पुण्याच्या संस्थेने काही दिवसांत निपाह असल्याचे सांगितले. केरळने 17 माणसे गमावली, पण साथ पसरू दिली नाही. विषाणू तोच. बदलले होते ते शंका घेणारे डॉक्टर आणि नमुना तातडीने पोचवणारी व्यवस्था.

पुण्याच्या या संस्थेचा उल्लेख अशा कथांत वारंवार येतो. 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. पाचच वर्षांनी शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरत असल्याची खबर आली आणि केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एक नवाच विषाणू वेगळा केला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडचा माकडताप. गोचिडीतून पसरणारा हा आजार पुढे गोव्यात सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात पोचला. काजूच्या हंगामात बागेत पालापाचोळ्यात दिवसभर वावरणारी माणसे त्याला बळी पडतात.

इथे पूर्वसूचना देते ते मेलेले माकड. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, आणि तो जमिनीचा तुकडा माणसासाठी धोक्याचा होतो. म्हणून मृत माकड दिसले की वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे, हात लावायचा नाही. मग पथक येऊन नमुने घेते, मृत जनावराची विल्हेवाट लावते, भोवतालच्या जमिनीवर कीटकनाशक टाकते, पांढरे फडके झाडोऱ्यावरून ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी तपासणीसाठी गोळा करते. या आजारात इशारा देणारा पहिला माणूस डॉक्टर नसतो. बागायतदार, गुराखी किंवा वनरक्षक असतो. त्याने नाक दाबून पुढे जायचे ठरवले, तर इशाऱ्याची साखळी सुरूच होत नाही.

आता शून्याबद्दल. साप्ताहिक अहवालात ‘या आठवड्यात रुग्ण नाही’ असेही लिहून पाठवायचे असते, आणि मला वाटते या यंत्रणेचा सगळा प्रामाणिकपणा या शून्यात असतो. कारण शून्याचे अर्थ दोन: पाहिले आणि सापडले नाही, किंवा पाहिलेच नाही. पोलिओविरुद्धच्या लढाईने यावर सुंदर उपाय काढला होता. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी पंधरा वर्षांखालच्या लाख मुलांत वर्षाला किमान एकाला अचानक लुळेपणा येतोच. तेवढीही मुले ज्या जिल्ह्यात सापडत नाहीत, तो जिल्हा पोलिओमुक्त न मानता झोपलेला मानायचा. प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जात. 2001 पासून मुंबईच्या सांडपाण्यातही पोलिओचा विषाणू शोधला जाऊ लागला. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण देशातला शेवटचा ठरला, हे आपण आज छातीठोकपणे सांगू शकतो ते या कसोटीमुळे.

बाकीच्या आजारांच्या शून्याला अशी कसोटी नाही. उलट आपली बक्षिसेच कधी कधी चुकीच्या दिशेला ढकलतात. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देतात आणि सलग पाच वर्षे साथ नसलेल्या गावाला चंदेरी. योजना चांगली आहे, तिने गावोगाव पाण्याकडे लक्ष वेधले. पण साथ नसणे हाच मान ठरला, की साथ न कळवण्याचा मोहही तिथेच जन्मतो. साथ कळवणाऱ्या सेविकेला वरून विचारणा होते, ‘तुमच्याकडेच कशी?’ हा प्रश्न एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी आकडा लिहिताना थबकली, तर दोष तिचा नाही. अधिकाऱ्याचे मूल्यमापन त्याच्या हद्दीत किती उद्रेक झाले यावर न होता, प्रत्येक उद्रेक किती दिवसांत कळला यावर झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस गोवंडीच्या रफीनगरात एकाच घरातली तीन मुले दोन दिवसांत गेली, तेव्हा गोवराच्या साथीकडे शहराचे लक्ष वेधले गेले. बालमृत्यू हीच जिथे पहिली सूचना ठरते, तिथे त्याआधीच्या सगळ्या सूचना कुठे अडल्या, हे शोधायला हवे.

कागदी फॉर्मची जागा आता संगणकीय मंचाने घेतली आहे. 5 एप्रिल 2021 पासून तो देशभर लागू झाला. पूर्वीच्या 18 आजारांऐवजी 33 आजारांची नोंद होते आणि सेविका गावातूनच मोबाइलवर किंवा टॅबवर आकडे भरते. जुलै 2008 पासून दिल्लीत वर्तमानपत्रे आणि वाहिन्यांवरच्या आजाराच्या बातम्या चाळणारा एक कक्षही आहे. तालुका पानावरची ‘अमुक गावात अतिसाराची लागण’ ही चार ओळींची बातमी तिथून जिल्ह्याकडे पडताळणीसाठी परत येते. ग्रामीण वार्ताहर या यंत्रणेचे बिनपगारी कर्मचारी आहेत, हे त्यांनाही कुणी सांगितलेले नसते.

यंत्र वेगवान झाले, तरी बहुसंख्य रुग्ण आधी खासगी दवाखान्यात जातात आणि तिथून माहिती फार कमी येते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयितांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. एरवी लाखात वर्षाला एक-दोघांना होणारा हा आजार. प्रौढांचा लुळेपणा कुठल्याही साप्ताहिक नमुन्यात ठळकपणे मोजला जात नाही. मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना एकाच भागातून येणारे रुग्ण खटकले, त्यांनी ते सांगितले, तेव्हा तपासणी सुरू झाली आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पाण्यातून, अन्नातून पोटात जाणारा जिवाणू सापडला. व्हिएगस यांनी केले तेच या डॉक्टरांनी केले.

म्हणून ही विनंती. आपण डॉक्टर असाल, तर एकाच वस्तीतून एकाच लक्षणांचे तीन-चार रुग्ण आले की निदानाची वाट न पाहता महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या साथरोग कक्षाला फोन करा. आपण डॉक्टर नसाल, तरी गल्लीत एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले, नळाला वास येऊ लागला, उंदीर किंवा माकडे मरून पडलेली दिसली, तर आशा ताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगा. शंका चुकीची ठरली तर सेविकेचा एक फेरा वाढेल, इतकेच.