साठवणीतले बायोडिझेल

जनित्रासाठी भरून ठेवलेले डिझेल वर्षभरानंतर वापरावे काय, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. आणि वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात ती अप्रस्तुत खासच नाही. निव्वळ खनिज डिझेल कोरड्या, थंड टाकीत सहा महिने ते वर्षभर बिनतक्रार टिकते. बायोडिझेलचा मामला निराळा, आणि तो समजून घेण्यास विदर्भातल्या जवसासारखा गुरू नाही.

जवसाच्या तेलात सुमारे निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा. त्याच्या साखळीत तीन द्विबंध असून त्यांच्या मधोमध अडकलेल्या कार्बनावरचा हायड्रोजन सहज सुटतो, तेथे प्राणवायू ठाण मांडतो, पेरॉक्साइडे उपजतात, रेणू एकमेकांत गुंततात, आणि दारावर फासलेले तेल काही दिवसांत चकचकीत, कठीण पापुद्रा होऊन बसते. ज्या गुणापायी रंगारी या तेलावर लुब्ध, तोच इंजिनाच्या फिल्टरचा काळ! एकच द्विबंध असलेल्या ओलेइक एस्टराच्या ऑक्सिडीकरणाचा वेग १ धरल्यास लिनोलेइकचा ४१ आणि लिनोलेनिकचा ९८ भरतो. ओलेइकप्रधान करंजाचे बायोडिझेल म्हणूनच जवसाच्या मानाने दीर्घायुषी. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात उभ्या राहिलेल्या तंत्रसंस्थेत तेल आणि रंग या दोन्ही विद्या शेजारी-शेजारी नांदल्या, हा मला मोठा समर्पक योग वाटतो.

शेंगदाणा तेलावर चाललेल्या १९०० सालच्या पॅरिसमधील इंजिनाचे कौतुक सर्वत्र होते; परंतु तेलाचे एस्टर करून ते इंजिनात जाळण्याचे पेटंट १९३७ साली घेणारे ब्रुसेल्सचे शावान कोणाच्या गावीही नसतात. आपल्याकडेही प्रथम मोगली एरंडाचा गाजावाजा झाला, पुढे २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत डिझेलात ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठरविले. पण उत्पादनाच्या या हिशेबात कोठाराची तजवीज क्वचितच चर्चिली जाते.

वस्तुतः अर्धवट भरलेल्या टाकीत हवा असते, रात्री बाष्प निथळते, बायोडिझेल खनिज डिझेलच्या कित्येक पट पाणी शोषते, आणि तळाच्या पाण्याला लागूनच जिवाणू व बुरशी वस्ती करून गाळ माजवितात. तांब्या-पितळेच्या तोट्या ऑक्सिडीकरणास उत्तेजन देतात ते वेगळेच.

तेव्हा पृच्छकाने टाकी सावलीत आणि शक्यतो भरलेली ठेवावी, तळचे पाणी वरचेवर काढावे, आणि बायोडिझेलमिश्रित इंधन असल्यास वर्षाची वाट न पाहता ते सहा महिन्यांच्या आत संपवावे. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य घालायचे ते इंधन ताजे असतानाच. पेरॉक्साइडे माजल्यावर घातलेले द्रव्य झालेली नासाडी परतवीत नाही.