अळणीच्या बारा वाट्या

कोंबडीचे किंवा मटणाचे तुकडे थोडी हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून मंद आचेवर शिजवले की भांड्यात जे पातळ, फिकट पिवळे पाणी तयार होते, त्याला कोल्हापूरकडे अळणी म्हणतात. शब्दकोशातला अर्थ घेतला तर हे नाव चुकीचे ठरते. अळणी म्हणजे बिनमिठाचे, बेचव. या पाण्यात मात्र मीठ पहिल्यापासून असते आणि बेचव तर ते कुठल्याच अंगाने नसते. ज्या मुलखात तिखटाशिवाय कालवणाची कल्पना करवत नाही, तिथे चटणी पडण्याआधीच्या अवस्थेला हे नाव मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा दोन्ही याच पाण्यातून निघतात. कोल्हापुरी जेवणाची चर्चा चटणीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते, हा अळणीवर अन्याय आहे.

करवीर तालुक्यातल्या एका शेतकरी घरात रविवारी सकाळी गावरान कोंबडीची अळणी चढते. चूल सांभाळतात घरातल्या आज्जी. साठीच्या पुढचे वय, बोलणे कमी, आणि माप विचारले की उत्तर ठरलेले: ‘‘एका कोंबडीला बारा वाट्या पानी. तेरावी घातलीस की ते नुसतं पानीच.’’ ही बारा वाट्यांची संख्या सकाळभर कुठल्या ना कुठल्या निमित्ताने पुन्हा ऐकू येते.

अळणीची पहिली पारख कोंबडीच्या वयाची. नुकती अंड्यावर येऊ घातलेली तलंग सुक्क्याला चांगली, पण अळणीला अंडी देणे थांबलेली जुनी कोंबडीच लागते. तिचे मांस चिवट असते, शिजायला दीड-दोन तास घेते, पण तिच्या सांध्यांत, कातडीत आणि पायांत जे साठलेले असते तेच पाण्याला अंग देते. दुकानात मिळणारी ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत साधारण दोन किलोची होते आणि कापली जाते. तिचे मांस वीस-पंचवीस मिनिटांत मऊ पडते आणि पाणी मात्र पाणीच राहते. आज्जींच्या शब्दांत, ‘‘तिला हाडच न्हाई, उतरणार काय?’’ बाजारात गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत कोंबड्यांतही भेद आहे. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या सुधारित जाती परसात फिरतात, दिसायलाही गावरानसारख्याच असतात, पण लवकर वाढतात. उकिरडा उकरत दोन पावसाळे काढलेल्या कोंबडीची सर त्यांच्या पाण्याला येत नाही.

कढत पाण्यात बुडवून पिसे उपटली तरी अंगावर बारीक लव राहते. ती जाळण्यासाठी अंगणात उसाचे पाचट पेटवतात. ऊस तुटून गेला की शिवारात पाचटाला तोटा नसतो. त्याचा जाळ भसकन उठतो आणि तितक्याच झटपट बसतो, म्हणून कातडी करपत नाही. पायांना धरून आख्खी कोंबडी त्या जाळावर फिरवतात. पहिला वास जळक्या केसांचा, नकोसा वाटणारा. पिसांतल्या प्रथिनात गंधक असते, त्याचा तो दर्प. मग कोंबडी धुऊन तिला सगळीकडून हळद चोळतात आणि पुन्हा जाळावर धरतात. या दुसऱ्या वेळी वास पालटतो. कातडीखालची पिवळी चरबी वितळून थेंब थेंब विस्तवात पडते, हळद भाजते, आणि अंगणात खमंग धूर पसरतो. शेजारच्या घरातली पोरे त्याच वेळी कुंपणाशी येऊन उभी राहतात. अळणीच्या पहिल्या घोटात जो धुरकट सुगंध लागतो, तो इथेच लागलेला असतो. त्याला दुसरी वाट नाही. शहरातल्या दुकानांत कोंबडी सोलून, कातडी फेकून देण्याचा रिवाज आहे. त्यात चरबी जाते, आणि हा वासही जातो.

तुकडे करताना मान, पंख, पाय काहीच टाकत नाहीत. पायांची वरची साल जाळावर धरली की सुटून येते. ती काढून पाय भांड्यात जातात. कलेजी-पेटा बाजूला राहतो.

पातेल्यात दोन पळ्या तेल, त्यावर एक बारीक चिरलेला कांदा, मग आले, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्यांचे वाटण, मग मांस. हळद चिमूटभरच, कारण याच पाण्याचा पुढे पांढरा रस्सा व्हायचा असतो आणि हळद जास्त झाली तर त्याचा रंग बिघडतो. मीठ लगेच पडते. मग पाण्याचा थेंबही न घालता झाकण. मिठाने मांसाला अंगचे पाणी सुटते आणि पहिली दहा-बारा मिनिटे ते त्या पाण्यातच शिजते.

आता त्या बारा वाट्यांचे काम सुरू होते. झाकण म्हणून पातेल्यावर काठाची खोलगट थाळी असते आणि तिच्यात चार वाट्या गार पाणी ओतलेले असते. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत भाजीपासून मटणापर्यंत वापरली जाणारी ही जुनी रीत आहे आणि तिच्यामागचे शास्त्र पक्के आहे. वाफ वर जाते, थाळीच्या गार तळाला लागते, तिचे पाणी होते आणि ते परत पातेल्यात ठिबकते. त्यामुळे आतले लवकर आटत नाही, आणि वाफेबरोबर निसटणारा वासही बराचसा माघारी येतो. तोवर वरचे पाणी तापते. ते हात सोसवेना इतके कढत झाले की आज्जी थाळी उचलून ते आत ओततात आणि थाळीत दुसरे चार वाट्या पाणी भरतात. असे तीन वेळा. तीन चोक बारा.

गार पाणी एकदम ओतले तर मांस आखडते, असे घरोघरी सांगतात. निदान एवढे नक्की की गार पाण्याने उकळी मोडते आणि शिजण्याची लय तुटते. कढत पाण्याने ती अखंड राहते. ही उकळीही खळखळणारी नको. कडेला बारीक बुडबुडे यावेत इतकीच. वर येणारा करडा फेस पळीने काढून टाकतात. मांसातल्या कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू जिलेटिन होऊ लागते आणि ते पाण्यात उतरते. जुन्या कोंबडीत या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून तिला वेळ लागतो. ओठ किंचित चिकटावेत असा जो गुण चांगल्या अळणीत असतो, तो या जिलेटिनचा.

कुकरमध्ये हेच काम अर्ध्याहून कमी वेळात होते आणि हल्ली बहुतेक घरांत तसेच होते. कुकरमधली अळणी वाईट असते असे नाही. पण कुकर एकदा मिटला की मधे चाखता येत नाही, फेस काढता येत नाही, विस्तव कमी-जास्त करण्यालाही फारसा अर्थ उरत नाही. आज्जी दर पाऊण तासाला पळीभर पाणी हातावर घेतात, चाटतात आणि काही न बोलता एक लाकूड मागे ओढतात. त्या पाऊण तासांत शिकण्यासारखे जे आहे, ते शिट्ट्या मोजून शिकता येत नाही.

दोन तासांनी बारा वाट्यांपैकी नऊच्या आसपास उरतात. वर चरबीचे पिवळे, नाण्याएवढे डोळे तरंगतात. पहिली वाटी घरात कुणाला, याचा क्रम ठरलेला आहे: आजारातून उठलेले माणूस असेल तर त्याला, मग लहान मुलांना, मग दात नसलेल्या म्हाताऱ्यांना. मुलांच्या वाटीत भाकरी कुस्करतात किंवा भात कालवतात; तिखट खाण्याआधी या भागातले मूल मांसाची चव अळणीतूनच शिकते. मोठ्यांच्या वाटीत चिमूटभर मिरपूड आणि लिंबाचे दोन थेंब. आज्जी वाटी देताना एवढेच म्हणतात, ‘‘आधी वास घे, मग पी.’’

आजाऱ्याला मांसाचे पाणी देण्याची रीत फार जुनी आहे. चरकसंहितेत अशक्त माणसासाठी मांसरस सांगितला आहे. आधुनिक वैद्यकानेही कोंबडीच्या सूपकडे लक्ष दिले आहे. ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1978 साली आलेल्या अभ्यासात, गरम कोंबडी-सूप प्यायल्यावर नाकातला स्राव वाहता होण्याचा वेग वाढलेला दिसला. 2000 साली त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत असे दाखवले की सूपमुळे पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल या पेशींची हालचाल मंदावते. सर्दीतली सूज-दाह त्या हालचालीशी जोडलेली असते. काचपात्रातल्या निष्कर्षावरून औषधाचा दावा करता येणार नाही. ताप उतरलेल्या माणसाला भूक लावण्याचे काम मात्र ही वाटी चोख करते, आणि त्यासाठी कुणाच्या दाखल्याची गरज पडलेली नाही.

पिण्यासाठी तीन वाट्या गेल्या की सहा उरतात. त्यांतल्या तीन पांढऱ्या रश्शाच्या. खसखस, काजू, पांढरे तीळ आणि भिजवलेली मगजबी यांचे गंधासारखे मऊ वाटण करतात. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी आणि तमालपत्र तडतडले की वाटण परतून अळणी ओततात आणि शेवटी नारळाचे पहिले, दाट दूध. ते घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. नारळाच्या दुधातली प्रथिने जास्त उष्णतेने गोठतात, तेल सुटते आणि रस्सा फुटतो. म्हणून पळी सतत फिरती ठेवतात आणि भांड्याच्या कडेला पहिली थरथर दिसताच खाली उतरवतात.

दोन वाट्या तांबड्याला. सुके खोबरे, तीळ आणि कांदा भाजून केलेले वाटण, आणि घरची कांदा-लसूण चटणी. चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची. ब्याडगी आणि संकेश्वर ही दोन्ही गावे आजच्या कर्नाटकातली, कोल्हापूरच्या बाजारपेठेला जोडलेली. मिरची पोर्तुगिजांबरोबर भारतात आली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधी तांबडा रस्सा आजच्या रूपात असणे शक्य नाही. हळद, आले आणि मिरी मात्र इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तेव्हा या पातेल्यातले सर्वांत जुने काय, तर चटणी पडण्याआधीचे ते पाणीच. तांबड्याचा कट वर आला, तेल लालभडक तरंगले, की पाहणाऱ्याचे डोळे तिकडेच जातात. पण पातळ अळणीवर कितीही चटणी घातली तरी रस्सा फक्त तिखट होतो. घोट गिळल्यावर जिभेवर काही मागे राहत नाही.

उरलेली एक वाटी सुक्क्याला. शिजलेले तुकडे कांदा, खोबरे आणि चटणीत परततात आणि कोरडे पडू लागले की ही वाटी थोडी थोडी शिंपडत जातात. ताटात मग भाकरी किंवा चपाती, सुक्के, दोन रस्से, चिरलेला कांदा, लिंबू आणि भात. तांबड्याने तोंड पोळले की पांढऱ्याचा घोट, पुन्हा तांबडा, असे जेवण चालते. रस्सा वाढणारी सून ताटामागून ताट फिरत असते आणि ‘‘अजून घ्या की’’ हे शब्द संपत नाहीत. आज्जी स्वतः सर्वांत शेवटी बसतात, भातावर अळणी घेतात आणि तांबड्याला हात लावत नाहीत.

पाहुणे कमी असले आणि अळणी उरली, तर ती गाळून गार जागी ठेवतात. फ्रीजमध्ये ठेवलेली चांगली अळणी सकाळी थिजलेली सापडते: वर चरबीचा पिवळा पापुद्रा, खाली भांडे हलवले की थरथरणारी खळ. ब्रॉयलरच्या मांसाचे पाणी दुसऱ्या दिवशीही पातळच असते. आज्जी भांडे तिरके करतात, आतली खळ काठाला जरा सरकून जागेवर येते, आणि त्या ते भांडे निखाऱ्यावर ठेवतात. वितळायला चार-पाच मिनिटे लागतात. त्यात भात घालून, वर चार मिरी कुटून, शाळेत जाणाऱ्या नातवाची न्याहारी होते.