डोंगर जाळला की गवत चांगलं येतं?

पौड सोडून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की उन्हाळ्यात एखादा तरी डोंगर काळाठिक्कर पडलेला दिसतोच. बहुतेक वणवे माणसानंच लावलेले असतात आणि पुष्कळदा समजूत एकच: जुनं गवत जाळलं की पावसाळ्यात दाट गवत येतं.

हिरवळ लवकर नजरेत भरते, इतकंच त्यात खरं. वाळल्या काड्यांचा आडोसा गेल्यानं कोवळे कोंब उघड्यावर येतात. पण वारंवार जळणाऱ्या उतारावर फोफावते ती कुसळी. तिचं लांब कुसळ दमट हवेत उलगडतं, कोरड्या हवेत पिळतं आणि दाणा मातीत रुतवतं. माती उष्णता सावकाश खाली नेते. ज्वाळा वरून सरकते, दाणा शाबूत राहतो. झाडांची रोपटी मात्र जळून जातात. कुसळं धरली की गुरंही हे गवत टाळतात.

राखेचं खत होतं, हेही ऐकू येतं. भाताचा राब भाजतात तिथली राख खाचरातच राहते. डोंगरउतारावरची राख पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला मिळते, आणि गवतातला बराचसा नत्र तर आधीच धुरातून गेलेला असतो.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘आग तासाभरात विझते, मग नुकसान कसलं?’ खरं नुकसान त्यानंतरच सुरू होतं. वाळलेलं का होईना, उभं गवत मातीवर सावली धरतं, जमिनीलगतचा वारा अडवतं, ओल टिकवतं. ते गेलं की काळी जमीन ऊन शोषते. दिवसा जास्त तापते, रात्री लवकर निवते. किडे, सरडे, जमिनीवर घरटं करणारी टिटवी यांचं जग याच गुडघाभर उंचीच्या हवेत असतं. मग पाऊस थेट उघड्या मातीवर कोसळतो.

चराईला वणव्याच्या पंगतीत बसवणंही चूक आहे. बेताची चराई ठोंब राखते आणि जळाऊ गवत कमी करते. रोज त्याच जागी गुरं फिरली तर मात्र खुरांनी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. जाळलेल्या रानातल्या पहिल्या कोंबांवर लगेच गुरं सोडणं सर्वांत वाईट, कारण मुळांतला साठा खर्चून ते कोंब आलेले असतात.

राखीव वनात आग लावणं १९२७च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. राब भाजताना भोवतीचं गवत आधी काढा, विस्तव पूर्ण विझेपर्यंत जागा सोडू नका. डोंगरावर धूर दिसला तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.