तोंडी परीक्षेचे 20 गुण

दहावी बोर्डात इंग्रजीचे 80 गुण लेखी, 20 तोंडी. तोंडीत ऐकणे-बोलणे तपासायचे असते. पण ते गुण शाळेतच मिळतात, म्हणून आम्ही शिक्षकही कधी कधी सहज देऊन टाकतो. चीनमध्ये कॉलेज प्रवेशाच्या 'गाओकाओ' परीक्षेत इंग्रजीच्या 150 पैकी 30 गुण रेकॉर्डिंग ऐकून उत्तरे देण्याला असतात.

साखरखेर्ड्याच्या आपल्या मुलांना उतारा वाचता येतो, पण अकरावी सायन्सला इंग्रजीतून लेक्चर सुरू झाले की ती गप्प बसतात.

पालकांनो, रोज दहा मिनिटे द्या. एका मुलाने उतारा मोठ्याने वाचावा. दुसऱ्याने पुस्तक बंद ठेवून ऐकावा, काय समजले ते उर्दूत किंवा मराठीत सांगावे, मग स्वतः वाचून पडताळावे. अम्मीला इंग्रजी येत नसली तरी चालेल.