मालमोटारीला ताप येतो तेव्हा

दिवाळीचा फराळ डब्यांतून संपत येतो, त्याच सुमारास सातारा-सांगलीकडील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होत असतो. उसाच्या वाहतुकीसाठी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे ऊनपावसात राबलेल्या जुन्या मालमोटारीही. पुण्याहून साताऱ्याकडे एस.टी.ने आलेल्या वाचकांनी खंबाटकीच्या चढावर अशी एखादी मालमोटार कडेला उभी राहिलेली पाहिली असेल. बॉनेट उघडलेले, आतून वाफेचा लोट निघतो आहे आणि क्लीनर डबा घेऊन पाणी शोधत हिंडतो आहे. आपण घड्याळाकडे पाहून चुकचुकतो. पण ज्याने कर्ज काढून ती गाडी घेतलेली असते, त्याचा हंगामातील एकेक दिवस हप्त्याशी बांधलेला असतो. इंजिनाचे हेड तापून तडकले, तर साऱ्या हंगामाची कमाई गॅरेजात जाते.

गाडी तापली की पाणी ओतायचे, हा आपल्याकडचा रूढ उपचार. तेवढ्याने भागले नाही, की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. मग नवा पंप बसवायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ताप हे लक्षण आहे, रोग वेगळाच असतो, हे ओळखून जो औषध देतो तोच खरा वैद्य. मिस्त्रीचेही तसेच.

मुळात इंजिनाला ताप येतो कशाने? डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते आणि ती बाहेर काढण्याचे काम पाण्याकडे असते. इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरून तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून जाताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पंप ते पुन्हा इंजिनात ढकलतो. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि तेथील शेतीचे पंप पुढे गावोगावच्या विहिरींवर गेले. मालमोटारीतला पंप हा त्यांचाच धाकटा भाऊ म्हणावा. थर्मोस्टॅट हा द्वारपाल. पाणी सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंत तापेतो तो रेडिएटरची वाट अडवून धरतो, कारण थंड इंजिनही डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते.

मधाच्या पोळ्यासारखा हा रेडिएटर विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी घडवला. पुढे त्याच घराण्याच्या सहकार्याने टाटांनी १९५४ साली जमशेदपूरला मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. हे सहकार्य १९६९ पर्यंत टिकले.

रेडिएटरच्या झाकणाचे मर्म आमच्या गृहिणींना चटकन कळेल. ते प्रेशर कुकरचेच झाकण! आतला दाब हवेच्या दाबाहून निम्म्याने वाढला, की पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल पडली तर ही सवलत जाते. त्यातून उंचीवर पाणी आणखी लवकर उकळते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९६ अंशांच्याही आत उकळू लागते. वाईहून पसरणीचा घाट चढणाऱ्या गाडीची परीक्षा अशी दुहेरी असते.

आता निदानाकडे वळू. सांगलीच्या एका वयस्क मिस्त्रींची रीत मला फार आवडली. वाळवे तालुक्यातील एक तरुण मालक आपली गाडी घेऊन आला होता. थर्मोस्टॅट आणि पंप दोन्ही नवे बसवून झाले होते, पण गाडी तापायची राहिली नव्हती. मिस्त्रींनी पान्याला हातच लावला नाही.

“पाव्हणं, गाडी तापती ते कळलं. पण कवा तापती?”

“घाटात, मिस्त्री. सपाटीला कायबी नसतं.”

या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. कारखान्याच्या आवारात रांगेत उभी असताना गाडी तापते आणि रस्त्याला लागताच निवते, तर वाऱ्याची वाट पाहावी : पंख्याचा पट्टा सैल असेल, किंवा उसाचे पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसली असेल. भरल्या गाडीने चढावर तापते, तर बहुधा पाणी पुरेसे फिरत नाही. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली, तर पाणीच कमी आहे किंवा द्वारपाल दार उघडायला विसरला आहे.

दुसरा प्रश्न, पाणी जाते कोठे? नळीच्या जोडावर गंजकट डाग किंवा पंपाखाली थेंब दिसला, तर गळती उघड आहे. बाहेर थेंब नाही आणि पाणी मात्र घटते, तर तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येऊ लागले, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

या गाडीत यांतले काही नव्हते. मिस्त्रींनी इंजिन तापवून बंद केले, पंखा थांबल्याची खात्री केली आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात जपून फिरवला. वरचा भाग गरम, पण खालचा एक मोठा कोपरा गार! तेथील नळ्यांतून पाणी जातच नव्हते. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले गेले होते. आपल्या बंबात साठते तशीच क्षारांची खपली नळ्यांत बसली होती. रेडिएटर उतरवून साफ केला आणि गाडी घाट चढली. नव्या पंपाचे पैसे मात्र व्यर्थ गेले होते.

म्हणून जाणते मिस्त्री आता विहिरीचे पाणी न घालता शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण घालायला सांगतात. त्याने गंज आणि खपली धरत नाही, उकळबिंदूही थोडा वाढतो. मात्र बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. मुलांपासून व जनावरांपासून ते दूर ठेवावे.

आणखी दोन पथ्ये. तापल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; दाब सुटताच आतले पाणी उसळून तोंडावर येते. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, लोखंड तडकते. आणि वाफ येत असताना काटा एकाएकी खाली आला, तर आनंद मानू नये. पाणी संपले की काट्याचा संवेदक कोरडा पडतो व खोटे सांगू लागतो. अशा वेळी गाडी थांबवून तासभर वाट पाहणे हाच उपाय.

हंगामाच्या घाईत हा तासच जड जातो. मागे गाड्यांची रांग असते, कारखान्यावर ऊस वाळत असतो. पण त्या तासाभरात इंजिन वाचते, आणि इंजिनाबरोबर घरचा हप्ताही.